संगणक हँग झाला, दोष कोणाचा?

विंडोज ९८ ज्यांनी वापरली आहे त्यांना तिची एक सूचना नक्की आठवत असेल. वीज जाऊन परत आली, संगणक पुन्हा सुरू केला, की पडद्यावर आधी समज दिली जाई. विंडोज नीट बंद केलेली नाही, डिस्कमध्ये बिघाड झालेला असू शकतो, आणि ही सूचना पुन्हा पाहायची नसेल तर यापुढे संगणक नेहमी स्टार्ट मेनूत जाऊन रीतसर बंद करावा. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडच्या गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांत आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये ही बोलणी दिवसातून दोन-तीनदा खावी लागत. गंमत म्हणजे विंडोज स्वतःच अडकून बसली आणि नाइलाजाने बटण दाबून संगणक बंद करावा लागला, तरी पुढच्या वेळी समज आपल्यालाच मिळे. दुसरी एक सूचना याहून कडक होती. एखादा प्रोग्रॅम कोसळला की 'या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृती केली आहे, तो बंद करण्यात येत आहे' अशा अर्थाची इंग्रजी चौकट येई. नव्याने संगणक शिकणाऱ्या कित्येकांच्या पोटात ती वाचून गोळा येत असे.

तासाभर टाइप केलेले काम गेले, की माणूस पहिला दोष स्वतःला देई. 'माझंच काहीतरी चुकीचं बटण दाबलं गेलं असेल.' मग कोणीतरी मॅकिंटॉश वापरणारा भेटे आणि म्हणे, आमच्याकडे असले प्रकार नसतात. त्याच्या पलीकडे एखादा लिनक्सवाला असे, तो सांगे की माझा संगणक गेल्या वर्षभरात एकदाही बंद करावा लागलेला नाही. गाण्यातल्या घराण्यांचे जसे वाद चालत, तसाच हा वाद वीस-पंचवीस वर्षे चालला. आपलेच घराणे अस्सल, बाकीचे बेसूर. या वादात कंपनी भली की लबाड याची चर्चा भरपूर झाली, मोजमाप मात्र फार थोड्यांनी केले. ज्यांनी केले त्यांचे आकडे पाहिले की कोणत्याही एका घराण्याचा झेंडा घेऊन फिरणे अवघड होते. माझ्या मते खरा मुद्दा वेगळाच होता. संगणकाचा मूळ कारभार पाहणारी जी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिने बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमवर विश्वास किती टाकायचा? आणि तो कमी करायचा झाला, तर त्याची किंमत कोणी मोजायची?

सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्यावरची मायक्रोसॉफ्टची डॉस ही प्रणाली एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवत असे. प्रोग्रॅम सुरू झाला की सगळे यंत्र त्याच्या ताब्यात. तो कोसळला की सगळे कोसळले. बटण दाबा आणि पुन्हा सुरू करा. भांडायला दुसरा कोणी नसल्याने भांडणही नाही. त्या काळात विश्वासार्हतेची चर्चा व्हायची ती यंत्राबद्दल, प्रोग्रॅमबद्दल नव्हे. अ‍ॅपलचा १९८० चा 'अ‍ॅपल थ्री' हा संगणक त्यासाठी बदनाम झाला. त्यात पंखा नव्हता, यंत्र तापे, आणि आतल्या चिप आपल्या खाचांतून ढिल्या होत. संगणक दोन-चार इंच उचलून टेबलावर आपटा म्हणजे चिप पुन्हा जागी बसतील, असा सल्ला तेव्हा दिला गेला ही गोष्ट संगणकवाले आजही चवीने सांगतात. आपल्याकडे बंद पडलेल्या रेडिओला थाप मारीत, त्यातलाच प्रकार. पहिल्या खेपेची हजारो यंत्रे अ‍ॅपलला बदलून द्यावी लागली.

जानेवारी १९८४ मध्ये त्याच अ‍ॅपलने मॅकिंटॉश आणला. चित्रे, खिडक्या, माउस, सगळे देखणे. पण आत मेमरी अवघी १२८ किलोबाइट, आणि त्यातला मोटोरोलाचा प्रोसेसर एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्यापासून राखू शकेल अशी सोय नसलेला. मॅक कोसळला की पडद्यावर वात पेटलेल्या बाँबचे चित्र येई. ते सुसान केअर या चित्रकर्तीने काढले होते. हे चित्र लोकांना फारसे दिसणारच नाही, असे तिला सांगण्यात आले होते म्हणे. पुढची पंधरा-सोळा वर्षे ते मॅकवाल्यांना चांगलेच दिसत राहिले.

एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याची हौस आली आणि खरी अडचण सुरू झाली. ती समजायला एखादी सार्वजनिक सभा डोळ्यांपुढे आणा. माईक एकच, वक्ते सहा. यात दोन पद्धती असू शकतात. पहिल्या पद्धतीत प्रत्येक वक्ता आपले थोडे बोलून आपणहून माईक पुढच्याला देतो. सगळे समंजस असतील तर सभा छान चालते. एखाद्याने माईक सोडलाच नाही, की संपली सभा. दुसऱ्या पद्धतीत अध्यक्षांच्या हाती घंटा असते. वेळ झाली की घंटा वाजते आणि माईक काढून घेतला जातो. विंडोजच्या १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीत पहिली पद्धत होती. मॅकमध्येही पहिलीच होती, आणि ती थेट १९९९ मध्ये आलेल्या मॅक ओएस ९ पर्यंत तशीच राहिली. एक प्रोग्रॅम अडून बसला की सगळा संगणक थिजायचा, ज्याला आपण 'हँग झाला' म्हणतो.

दुसरी गोष्ट मेमरीची. जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहत असत, पण प्रत्येकाच्या खोलीला दार आणि कडी असे. या प्रणालींच्या वाड्यात बिऱ्हाडे होती, दारे नव्हती. एका प्रोग्रॅमने चुकून दुसऱ्याच्या मेमरीत काही लिहिले तर त्याला अडवणारे कोणी नाही. वाईट हे, की चूक करणारा आरामात चालू राहायचा आणि पंधरा मिनिटांनी दुसराच कोणीतरी कोसळायचा. दोष कोणाचा हे तज्ज्ञालाही सांगता येत नसे, मग टायपिस्टला कोठून कळणार? कमोडोर कंपनीच्या अमिगा या १९८५ च्या संगणकात अध्यक्षांची घंटा होती, पण दारे त्यातही नव्हती.

तंत्र ठाऊक नव्हते असे मात्र नाही. मोठ्या संगणकांवर दोन्ही व्यवस्था कित्येक वर्षे रुळलेल्या होत्या. इंटेलच्या १९८५ च्या ३८६ या प्रोसेसरमध्ये दारे बसवायची सोयही आली होती. मायक्रोसॉफ्टने १९८८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून डेव्ह कटलर या अनुभवी अभियंत्याला आणून अगदी नव्या पायावर प्रणाली बांधायला घेतली. जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी आली. तिच्यात घंटाही होती आणि दारेही. तिला मेमरी मात्र किमान १२ मेगाबाइट लागे. दोन वर्षांनी, २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५ आली. ती ४ मेगाबाइटमध्ये सुरू होत असे. त्या काळात एका मेगाबाइटला तीस डॉलरच्या वर पडत, म्हणजे वरच्या आठ मेगाबाइटसाठी शेदोनशे डॉलर सहज जास्त. घरगुती गिऱ्हाइकाने कोणती घेतली हे सांगायला नको. तेव्हा 'मायक्रोसॉफ्टला चांगली प्रणाली बनवताच येत नव्हती' हे म्हणणे खरे नाही. चांगली दुकानात होती, लोकांनी स्वस्त घेतली, आणि कंपनीनेही तीच वाजतगाजत विकली.

विंडोज ९५ मध्ये घंटा आणि दारे दोन्ही होती, पण अर्धवट. जुने प्रोग्रॅम चालले पाहिजेत ही अट होती, म्हणून मेमरीचा काही भाग सर्वांना खुला ठेवलेला. विंडोज तीनसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम आपसांत एकच किल्ली फिरवत. त्यातला एखादा किल्ली मुठीत धरून गप्प बसला की नवे प्रोग्रॅमही दाराबाहेर ताटकळत. जुने चालले पाहिजे हा आग्रह किती होता, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. सिमसिटी नावाचा शहर वसवण्याचा खेळ होता. त्यात एक चूक राहून गेली होती. वापरून परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचत असे. भाड्याची खोली सोडून गेल्यावरही आपला डबा तिथेच असेल असे समजून परत येणाऱ्या भाडेकरूसारखे हे झाले. विंडोज तीनमध्ये हे खपून जाई. विंडोज ९५ च्या चाचण्यांत खेळ कोसळू लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी आपल्याच प्रणालीत खास तरतूद केली. सिमसिटी चालू आहे असे दिसले, की सोडलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. चूक खेळ लिहिणाऱ्याची, पण खेळ बंद पडला असता तर गिऱ्हाइकाने शिव्या विंडोजला दिल्या असत्या. व्यापारी म्हणून हा हिशेब बरोबरच होता. अशा शेकडो तडजोडी पोटात घेऊन जी वास्तू उभी राहते, ती पक्की कशी असणार?

ती किती कच्ची होती याचा एक पुरावा तर मिष्कील आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक आकडा होता. तो ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत पोचला की पुन्हा शून्यावर येई, आणि त्या क्षणी संगणक थिजू शके. हा काळ होतो ४९ दिवस आणि सुमारे १७ तास. ही चूक दुरुस्त व्हायला १९९९ साल उजाडले. चार वर्षे ती कोणाच्या लक्षात का आली नाही, यावर लोकांनी एकच उत्तर काढले होते. पन्नास दिवस सलग चालू राहिलेली विंडोज ९५ कोणी पाहिलीच नव्हती!

आयबीएमच्या ओएस/२ चा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. ही प्रणाली आधी दोघांनी मिळून काढली, मग मायक्रोसॉफ्ट बाजूला झाली. १९९२ च्या दुसऱ्या आवृत्तीत भक्कम दारे आणि घंटा होती. बँकांच्या एटीएम यंत्रांत ती कित्येक वर्षे इमानाने चालली. पण तिच्यातही एक खोड होती. माउस आणि कीबोर्डच्या सगळ्या सूचना एकाच रांगेतून जात. एका प्रोग्रॅमने रांग अडवली की आतून प्रणाली व्यवस्थित चालू असे, आणि वापरणाऱ्याला मात्र ती मेलेली दिसे. तंत्रज्ञ म्हणे चालू आहे, गिऱ्हाईक म्हणे बंद आहे, दोघेही खरे.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स विंडोज ९८ दाखवत होते. त्यांच्या सहकाऱ्याने संगणकाला स्कॅनर जोडला आणि भरसभेत, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, भला मोठा निळा पडदा आला. सभागृह हसून लोळले. ही प्रणाली अजून विक्रीला का आली नाही ते कळले ना, अशा अर्थाचा विनोद करून गेट्सनी वेळ मारून नेली. दोन महिन्यांनी ती विक्रीला आलीच. या प्रसंगात बहुतेकांना गेट्सची फजिती दिसली, पण पाहण्यासारखी गोष्ट तो स्कॅनर होती. आयबीएमच्या पीसीची रचना कोणालाही नक्कल करता येईल अशी होती, त्यामुळे जगभरच्या शेकडो कंपन्या त्याचे सुटे भाग बनवत. आपल्या लॅमिंग्टन रोडवर कोणाचा मदरबोर्ड, कोणाचे डिस्प्ले कार्ड, कोणाची हार्ड डिस्क घेऊन संगणक जुळवून दिले जात ते यामुळेच, आणि म्हणूनच ते आपल्या खिशाला परवडले. अशा प्रत्येक भागाबरोबर त्याला चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम येतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर थेट प्रणालीच्या देवघरात, म्हणजे कर्नलमध्ये, बसतो. तिथे त्याने चूक केली तर सगळे घर कोसळते. वाड्याला कितीही दारे लावा, देवघरातच परका बसलेला असला तर त्यांचा उपयोग नाही.

मॅकवाल्यांचे नेमके हेच उत्तर असे. यंत्रही अ‍ॅपलचे, प्रणालीही अ‍ॅपलची, मग गोंधळ होईलच कसा? हे अर्धे खरे होते. सुटे भाग जुळत नाहीत ही कटकट मॅकवर कमी होती यात शंका नाही. पण घंटा आणि दारे तिथेही नव्हती. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरी किती द्यायची हे वापरणाऱ्याने स्वतः आकडा घालून ठरवायचे. 'एक्स्टेन्शन' नावाची छोटी पुरवणी-सॉफ्टवेअर एकमेकांशी भांडत. मग शिफ्ट दाबून मॅक सुरू करायचा आणि एकेक काढत गुन्हेगार शोधायचा. अ‍ॅपलने नवी प्रणाली बांधायचा घाट घातला, 'कोपलँड' असे तिचे नाव. १९९६ मध्ये तो प्रकल्प गुंडाळावा लागला. म्हणजे १९९६ साली मायक्रोसॉफ्टकडे एनटी होती आणि ज्यांची विश्वासार्हतेबद्दल ख्याती, त्या अ‍ॅपलकडे तसे काहीच नव्हते! त्या डिसेंबरात अ‍ॅपलने स्टीव्ह जॉब्जची नेक्स्ट कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले, ती युनिक्सच्या पायावरच्या तिच्या प्रणालीसाठी. त्यातून २४ मार्च २००१ रोजी मॅक ओएस टेन आली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला विंडोज एक्सपी आली, म्हणजे एनटीचा पाया शेवटी घरगुती संगणकापर्यंत पोचला. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी आपापला बिनदाराचा वाडा सात महिन्यांच्या अंतराने सोडला. मेमरी स्वस्त झाली होती, हे त्यामागचे साधे कारण.

लिनक्सला सोडायला असा जुना वाडाच नव्हता. हेलसिंकीचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये तिची सुरुवात केली तीच ३८६ प्रोसेसरवर, युनिक्सच्या रीतीने. सर्व्हरवर तिने नाव कमावले. घरच्या टेबलावर गोष्ट वेगळी होती. प्रणाली सहसा कोसळत नसे हे खरे, पण २००० च्या आसपास तिच्यावर आपला मोडेम चालवून दाखवणे हाच मोठा पराक्रम होता. ज्याचा मोडेमच चालत नाही त्याला संगणक वर्षभर बंद पडला नाही याचे काय कौतुक?

आता मोजमापाकडे वळू. त्याची सुरुवात एका वादळी रात्री झाली. १९८८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या मॅडिसन गावी, विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून फोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. पावसामुळे तारेत खरखर होती, आणि त्यांनी टाइप केलेल्या अक्षरांत भलतीच अक्षरे मिसळत होती. अशी अक्षरे येणार हे त्यांना ठाऊक होते. चकित त्यांना याने केले, की ती खाऊन युनिक्सचे नावाजलेले प्रोग्रॅम कोसळत होते. चुकीचे काही आले तर प्रोग्रॅमने 'हे मला कळले नाही' एवढेच म्हणायला हवे ना? त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावले. प्रोग्रॅमना मुद्दाम अद्वातद्वा अक्षरे पुरवायची आणि कोण कोसळतो ते पाहायचे. १९९० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. युनिक्सच्या ज्या ज्या आवृत्त्या तपासल्या त्या प्रत्येकीत पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम कोसळले. ज्या युनिक्सच्या नावाने सगळे शपथ घेत, तिची ही गत.

या गटाने नंतरही हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि त्यात तिन्ही घराणी सापडली. १९९५ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या युनिक्समधले १५ ते ४३ टक्के प्रोग्रॅम नापास झाले. फुकट मिळणाऱ्या लिनक्सचे फक्त ९ टक्के. १९९० मध्ये दाखवून दिलेल्या कित्येक चुका कंपन्यांनी पाच वर्षांत दुरुस्तही केल्या नव्हत्या. सर्वांत वाईट, ४३ टक्क्यांचा निकाल कोणाचा होता? नेक्स्टचा, ज्यावर पुढे मॅक ओएस टेन उभी राहिली तीच. २००० मध्ये विंडोज एनटीवरचे तीसेक चित्रमय प्रोग्रॅम तपासले. माउस आणि कीबोर्डवरून येऊ शकेल अशाच, पण अंदाधुंद सूचनांनी २१ टक्के कोसळले आणि आणखी २४ टक्के हँग झाले. २००६ मध्ये मॅकची पाळी आली. त्याच्या युनिक्सकडून आलेल्या जुन्या धाटणीच्या १३५ प्रोग्रॅमपैकी ७ टक्के नापास, हा निकाल उत्तम. पण चित्रमय खिडक्यांच्या ३० प्रोग्रॅमपैकी तब्बल २२ कोसळले किंवा थिजले. देखण्या मॅकची ही बाजू जाहिरातीत अर्थातच नव्हती. २०२० मध्ये तीस वर्षांपूर्वीचीच साधी पद्धत पुन्हा वापरली, तेव्हा लिनक्सवर ७४ पैकी ९ आणि मॅकवर ७६ पैकी १२ प्रोग्रॅम नापास झाले. लिनक्सचा हा आकडा १९९५ च्या आकड्याहून थोडा जास्तच आहे.

कोणी म्हणेल, हे प्रोग्रॅमचे झाले, प्रणालीचे काय? प्रोग्रॅम पडला तरी प्रणाली उभी राहिली पाहिजे. तेही तपासले गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठात फिलिप कूपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये विंडोजच्या सहा आवृत्त्या आणि लिनक्स यांवर वीस लाखांहून जास्त चाचण्या घेतल्या. प्रणालीला मुद्दाम वेडेवाकडे काम सांगायचे आणि ती काय करते ते पाहायचे. अगदी छोट्या, साध्या प्रोग्रॅमने विंडोज ९५ आणि ९८ संपूर्ण कोसळवता आल्या. एनटी, विंडोज २००० आणि लिनक्स यांतली एकही पूर्ण कोसळली नाही. चुकीचे काम आले तर शहाण्यासारखे नाकारण्यात काही बाबतींत लिनक्स सरस ठरली, काही बाबतींत एनटी. म्हणजे विंडोज बदनाम झाली ती ९५ आणि ९८ मुळे, आणि ती बदनामी रास्त होती. पण तेच नाव लावणारी तिची थोरली बहीण लिनक्सच्या पंगतीत बसण्याजोगी होती.

थोरल्या बहिणीच्या वाट्यालाही बदनामी आलीच. सप्टेंबर १९९७ मध्ये यूएसएस यॉर्कटाउन ही अमेरिकी युद्धनौका समुद्रात अडीच-पावणेतीन तास निपचित पडून राहिली. नौकेचा कारभार विंडोज एनटीवर होता. कोणीतरी माहितीच्या एका रकान्यात शून्य भरले, प्रोग्रॅमने त्या शून्याने भागायला घेतले, आणि नौका हाकणारी सगळी व्यवस्था बसली. वर्तमानपत्रांनी दोष विंडोजला दिला. शून्य भरू देणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

एक्सपीबरोबर आणखी एक गोष्ट आली. प्रोग्रॅम कोसळला की 'चुकीचा अहवाल पाठवायचा का' असे विचारणारी चौकट. आपण बहुतेक जण वैतागून नको म्हणत असू. पण जगभरातून जे हो म्हणाले त्यांच्यामुळे कंपनीला प्रथमच खरी मोजदाद मिळाली. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००२ मध्ये जाहीर केले की एकूण बिघाडांपैकी निम्मे बिघाड अवघ्या एक टक्का चुकांमुळे होतात. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी नमूद केले, की एक्सपी कोसळण्याच्या नोंदींपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होत्या. म्हणजे कॉमडेक्समधला तो स्कॅनर अपवाद नव्हता. लिनक्सवाल्यांनी यावर फार खूश होण्याचे कारण नाही. स्टॅनफर्डच्या २००१ च्या अभ्यासात लिनक्सच्या ड्रायव्हरांत चुकांचे प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तीन ते सात पट आढळले होते.

यंत्राचा वाटा किती, हे तर त्याहून उशिरा कळले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासल्या. प्रोसेसरच्या दोषाने एकदा कोसळलेला संगणक पुन्हा कोसळण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, असे दिसले. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसरला ठरलेल्यापेक्षा जास्त पळवणाऱ्यांचे संगणक जास्त कोसळत. लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा भरवशाचे निघाले, हे अनेकांना उलटे वाटेल. आणि नामांकित कंपन्यांचे संगणक सुटे भाग जुळवून केलेल्यांपेक्षा कमी कोसळत. लॅमिंग्टन रोडवर वाचवलेल्या पैशांतले थोडे असे परत द्यावे लागत होते. याचा दुसरा अर्थ असा, की ज्या निळ्या पडद्यांसाठी लोकांनी विंडोजला शिव्या घातल्या त्यातले काही सदोष चिपचे होते. तीच चिप लिनक्सच्या वाट्याला आली असती तर तिनेही हात टेकले असते.

हा सगळा जुना इतिहास झाला असे वाटत असतानाच १९ जुलै २०२४ चा शुक्रवार उजाडला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीचा सुरक्षा-प्रोग्रॅम मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांत, थेट कर्नलमध्ये, बसलेला असतो. कंपनीने त्या दिवशी माहितीची एक छोटी फाइल पाठवली. तिच्यासाठी एकवीस रकाने लागणार होते, प्रोग्रॅमकडे वीसच होते. तो एकविसावा वाचायला गेला आणि भलत्याच मेमरीत शिरला. जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली. विमानतळ, बँका, रुग्णालये ठप्प झाली. आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मॅक आणि लिनक्स त्या दिवशी सुखरूप होते. लिनक्सचे ते नशीब म्हणावे लागेल, कारण याच कंपनीच्या प्रोग्रॅममुळे काही महिन्यांपूर्वी लिनक्सची काही यंत्रेही पडली होती. अ‍ॅपलचे तसे नव्हते. त्यांनी २०१९ पासून बाहेरच्या प्रोग्रॅमना कर्नलमधून हळूहळू बाहेर काढायला घेतले होते. आमचे जुने चालत नाही, अशी तक्रार त्यांचे गिऱ्हाईक मुकाट्याने सोसते. मायक्रोसॉफ्टला ते जमले नाही. स्पर्धकांना आपल्याइतकीच मुभा देण्याचे २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिलेले वचन आड येते, असे तिच्या बाजूने सांगण्यात आले. दुरुस्तीचा मार्ग होता एक फाइल पुसण्याचा, पण त्यासाठी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले. कित्येक ठिकाणी हे काम दिवसेंदिवस चालले.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा-प्रोग्रॅम कर्नलच्या बाहेरून चालवता येतील अशी व्यवस्था करायला घेतली, आणि २०२५ मध्ये ती काही कंपन्यांना चाचणीसाठी देऊ केली. त्याच वर्षी विंडोज ११ मधून तो निळा पडदाही गेला. आता तो काळा आहे, त्यावरचा मजकूर पूर्वीपेक्षा थोडका आहे, आणि कोणत्या ड्रायव्हरमुळे हे घडले ते कळले असेल तर त्याचे नाव तिथे लिहिलेले असते.